डावीकडची वस्तू

१ जानेवारी २०२६, गुरुवार

डायरी आजपासून. फक्त स्वतःसाठी. तरी पुढेमागे एखाद्या संशोधकाच्या हाती लागलीच तर त्याची गैरसोय नको म्हणून नोंदवतो: मी जिनेंद्र मगदूम, राहणार माधवनगर, सांगली. टेलिफोन खात्यातून व्हीआरएस. चष्मा जाड आहे, पण निरीक्षण बारीक.

यंदाचं काम ठरलं. अंतराळवीरांनी वर गेल्यावर पाहिलेल्या अनोळखी वस्तू. या विषयावर मराठीत धड काही नाही. यूट्यूबवर आहे ते सगळं मागे भुताचं म्युझिक लावून. मी नीट अभ्यास करून व्याख्यान तयार करणार. आधी इस्लामपूर, मग फलटण, कऱ्हाड, सातारा. जूनपर्यंत पुस्तक. शिवाय रोज चालणं, आणि कुणावर चिडायचं नाही.

चंदनाला संकल्प वाचून दाखवला. ती म्हणाली, आधी गिझरवाल्याला फोन करा.

चिडलो. चालणं उद्यापासून.

४ जानेवारी, रविवार, संध्याकाळ

आज जे घडलं ते शांतपणे लिहितो.

दिवस मावळायच्या आत जेवण झालं. आमच्या जैनांच्या घरात तो नियमच. मग गच्चीवर गेलो. आभाळ स्वच्छ. लांब कुणीतरी उसाचा पाला पेटवलेला, त्याचा थोडा धूर. आणि अचानक डावीकडे, अगदी कडेला, पांढऱ्या उजेडाची कोर. लखकन चमकली, गेली. मान वळवली तर वस्तू तेवढीच आणखी डावीकडे. परत वळवली. परत तेच. म्हणजे वस्तूला माझी हालचाल कळत होती.

१९६९ साली चंद्राकडे निघालेल्या अमेरिकन अंतराळवीरांना असाच एक उजेड यानाच्या सोबत येताना दिसला होता. त्यांनी खाली विचारलं, आमच्या रॉकेटचा सुटलेला भाग किती लांब आहे? उत्तर आलं, हजारो मैल. मग हा उजेड कसला? पुढे शास्त्रज्ञ म्हणाले, रॉकेटचंच एखादं पॅनेल असावं. असावं! आम्ही खात्यात रिपोर्टवर 'फॉल्ट असावा' असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला असता.

खाली येऊन चंदनाला सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, कुणाच्या तरी लग्नाची लायटिंग असंल.

विशेष म्हणजे मला फारसं काही वाटलं नाही. ना धडधड, ना आनंद. व्हीआरएसनंतर मला तसं कशाचंच फार वाटत नाही. खऱ्या निरीक्षकाला हेच लागतं.

६ जानेवारी, मंगळवार

वस्तू पुन्हा. या वेळी बाथरूममध्ये. गिझरनं फ्यूज उडवला, अंधार झाला आणि डावीकडे तीच कोर. खिडकी बंद होती. याचा अर्थ वस्तूला भिंतींचा अडथळा नाही. हा मुद्दा नवीन आहे. मी वाचलेल्या कुठल्याच अंतराळवीराच्या हकिकतीत नाही.

शेजारच्या धनाजीराव मोहित्यांना विश्वासात घेतलं. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, मूळचे इस्लामपूरकडचे. माणूस सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मगदूमसायेब, आमच्या पोस्टवर एका गड्याला रोज बर्फावर म्हस चरताना दिसायची. त्याला खाली आणला, डाक्टरनं इंजेक्शन दिलं. म्हस गेली."

मी म्हणालो, म्हैस ही ओळखीची वस्तू. माझा विषय अनोळखी वस्तूंचा आहे.

ते म्हणाले, "त्ये बी खरंच हाय म्हना." पण त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

९ जानेवारी, शुक्रवार

पुण्याहून प्रांजलचा व्हिडिओ कॉल. आमची मुलगी. कंपनीत आहे. चंदनानं मी नको म्हणत असताना तिला सगळं सांगितलं. प्रांजल म्हणाली, पप्पा, तुमचा नंबर मायनस अकरा आहे, तुम्ही आधी डोळे दाखवा, मिरजेला एवढे डॉक्टर आहेत.

तिला नीट समजावलं. १९६५ साली एका कमांडरनं यानाच्या खिडकीतून नळकांड्यासारखी वस्तू पाहिली. एक दांडा बाहेर आलेला. माणूस टेस्ट पायलट. तरी लोक काय म्हणाले? डोळ्यांवर ऊन आलं असेल. खिडकी मळकी असेल. म्हणजे विरोधक सगळ्यात आधी बघणाऱ्याच्या डोळ्यांवर जातात. उद्या मी डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो आणि त्यानं केसपेपरवर काहीबाही लिहिलं, की संपलं. आपल्या हातानं विरोधकांना पुरावा द्यायचा का?

प्रांजल म्हणाली, पप्पा, तुम्हाला विरोधक कोण आहेत?

रेंज गेली असं सांगून फोन ठेवला. टेलिफोन खात्यातल्या माणसाला हे सांगायची वेळ यावी.

११ जानेवारी, रविवार

सांगली-सातारा अज्ञात वस्तू निरीक्षण मंडळाची स्थापना. अध्यक्ष मी. उपाध्यक्ष धनाजीराव. त्यांना हे उद्या सांगेन. सभा गच्चीवर झाली. मीच हजर होतो. ठराव: घटना घडताना घाबरायचं नाही, आनंद मानायचा नाही, फक्त नोंद करायची.

कोर रोज येते आहे. अंधार पडू लागला की जास्त. मला तिची वाट बघायची सवय लागली आहे असं चंदनाचं म्हणणं. मी वाट बघत नाही. मी हजर असतो.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

आज वस्तू एकदम वाढल्या.

सकाळी वाटीतला तिळगूळ घेताना ताटलीत तीळ सांडलेले दिसले. उचलायला गेलो तर बोटांत काही येईना. मग तेच तीळ भिंतीवर. मग दारावर. मग चंदनाच्या तोंडावर. काळे, बारीक, शेकडो. मधे एक कोळ्याच्या जाळ्यासारखं. मी बघेन तिकडे जातात आणि जरा उशिरा थांबतात.

१९६२ साली पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका अंतराळवीराला सूर्योदयाच्या वेळी यानाभोवती चमकणारे ठिपके दिसले. काजव्यांसारखे. पुढच्या मोहिमेत दुसऱ्यानं आतून यान ठोकून बघितलं तर आणखी ठिपके उडाले. मग निष्कर्ष काढला, यानावर साठलेला बर्फ. त्याचेच कण.

मीही प्रयोग म्हणून स्वतःच्या कपाळावर थापट्या मारल्या. ठिपके हलले. पण बर्फाचा सिद्धांत इथे लागू नाही. सांगलीत बर्फ नाही.

चंदनानं मला कपाळ बडवताना बघितलं. ती देवासमोर जाऊन बसली. तिळगूळ घेऊन कुणी आलं तेव्हा तिनं दार उघडलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

इस्लामपूर. पहिलं व्याख्यान. ज्येष्ठ नागरिकांच्या बागेतल्या कट्ट्यावर. धनाजीरावांनी त्यांच्या गाडीतून नेलं, ओळखीही त्यांच्याच. हजेरी चांगली. त्यातले काही जण आधीपासून उन्हाला बसलेले होते, पण हजेरी ती हजेरी.

सुरुवात जोरदार. मग कागद वाचायला घेतला तर अक्षरांवरून मुंग्या चाललेल्या. ओळी सुटल्या. १९६५ च्या कमांडरला मी चंद्रावर पाठवलं आणि चंद्रावर जाणाऱ्यांना काजवे दाखवले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रश्नोत्तरं. फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आवं, तितं वर लघवीचं काय करत्यात?" मी सांगितलं, हा प्रश्न विषयाला धरून नाही. दुसरे म्हणाले, न्हाई, सांगा की, आमाला राती चारदा उठावं लागतंय. मग सगळी सभा त्याच विषयावर गेली. कुणाला कुठल्या गोळीनं फरक पडला, कुणाचं ऑपरेशन कुठे झालं. मी उभा होतो. अर्ध्या तासानं आभार मानले गेले आणि नारळ मिळाला.

पायरी उतरताना अंदाज चुकला. धनाजीरावांनी दंड धरला म्हणून. गाडीत बसल्यावर माझा पट्टा त्यांनीच लावून दिला. मग म्हणाले, "सायेब, राग मानू नका. फौजेत आमी कवाच लपवून ठिवत न्हवतो. डोळा ग्येला तर नेम ग्येला. दाखवून घ्या की."

मी म्हणालो, माझा नेम पुस्तकावर आहे.

व्याख्यान एकूण यशस्वी.

२१ जानेवारी, बुधवार

महत्त्वाचं. डाव्या डोळ्यापुढे खालून एक काळी कड वर आली आहे. गोलाकार. सकाळी पातळ होती, दुपारी जाड. मी बराच वेळ विचार केला. वरून पृथ्वी बघणारे सगळे अंतराळवीर हेच सांगतात: खाली गोलाकार क्षितिज, वर उजेड.

मला आता क्षितिज दिसतं आहे. माधवनगरच्या घरात, खुर्चीत बसून.

हे फार मोठं आहे. छातीत काही व्हायला हवं होतं. झालं नाही. चहा घेतला. कप ठेवताना टेबल नव्हतं. कप फुटला. चंदनानं काचा गोळा केल्या. ती सारखं नाक पुसत होती. थंडी आहेच.

२२ जानेवारी, गुरुवार

पेपरात बातमी. चंदनानं वाचून दाखवली, मला ओळींचा खालचा भाग सापडत नाही. फलटणच्या लेक, विंग कमांडर डॉक्टर संयोगिता भोईटे, हवाई दलात डॉक्टर, बंगळुरूला अंतराळवीरांच्या तब्येतीचं ट्रेनिंग बघतात. सव्वीस जानेवारीला फलटणच्या एका कॉलेजात त्यांचा सत्कार आणि विद्यार्थ्यांशी गप्पा.

हीच ती संधी. अंतराळवीर वरून आल्यावर पहिलं कुणाशी बोलतो? डॉक्टरशी. काय दिसलं ते ह्या बाईंना माहीत असणार. भर सभेत उभं राहून एकच प्रश्न विचारायचा. टाळता येणार नाही असा.

चंदना म्हणाली, शनिवारी मिरजेची अपॉइंटमेंट घेतली आहे. मी म्हणालो, फलटण झाल्यावर. ती म्हणाली, शनिवारी. मी म्हणालो, फलटण झाल्यावर. मग ती असं ओरडली की धनाजीराव कुंपणापर्यंत आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. काय बोलली ते लिहीत नाही. शेवटी ठरलं: सोमवारी फलटण, ती सोबत येणार, मंगळवारी मिरज.

वाटाघाटीत मी जिंकलो.

२४ जानेवारी, शनिवार

घरासमोरचा खांब मधोमध वाकलेला दिसतो. सकाळी वायरमनला फोन करून कळवलं. तो येऊन बघून गेला. म्हणाला, सरळ हाय की काका.

क्षितिज अर्ध्यावर आलं आहे. त्यावर उजेड कमी. प्रश्नाचा मसुदा चंदनाकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतला. तिनं लिहिलं. एका ठिकाणी शाई पसरली आहे.

२५ जानेवारी, रविवार

डाव्या डोळ्यानं वरची पट्टी तेवढी दिसते. मधला भाग नाही. काळंही नाही म्हणता येणार. तिथे काही नाहीच.

उद्या मी स्वतःचं नाव घेणार नाही. 'आमच्या एका निरीक्षकाला' असं म्हणणार. निरीक्षकाची गुप्तता पाळावी लागते.

२७ जानेवारी, मंगळवार, मिरज

रात्रीच फलटणहून थेट इथे आलो; दवाखान्यात वाट बघत बसलो आहे. एका डोळ्यावर लिहितो आहे. अक्षर तिरपं जातंय. कालचं लिहून ठेवतो, कारण पुढे काय आठवेल सांगता येत नाही.

काल सकाळी धनाजीरावांच्या गाडीतून निघालो. विटा, दहिवडी, फलटण. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. चंदना मागच्या सीटवर माझ्या डाव्या बाजूला बसली होती, त्यामुळे ती असल्याचं मला बांगड्यांवरून कळत होतं.

हॉल पोरांनी भरलेला. संयोगिता मॅडम चाळिशीच्या, केस आखूड, बोलणं साधं. फलटणच्या शाळेतल्या आठवणी सांगितल्या. वर गेल्यावर तोंड कसं सुजतं, पाय कसे बारीक होतात, नजर कशी बिघडते, म्हणून अंतराळवीरांचे डोळे आम्ही सारखे तपासतो. मी मनात म्हटलं, आता सापडल्या.

प्रश्नांची वेळ आली. मी उभा राहिलो. कागद वाचता येईना, पाठ होतं ते म्हटलं. मॅडम, जगभरच्या अंतराळवीरांनी अनोळखी वस्तू पाहिल्या आहेत. सरकारं ते बर्फ, पॅनेल, मळकी खिडकी म्हणून उडवून लावतात. आमच्या मंडळाच्या एका निरीक्षकाला अशीच वस्तू गेले तीन आठवडे दिसते आहे. आपण खरं सांगणार का?

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, वस्तू कशी दिसते?

मी सांगितलं. पांढरी कोर, डावीकडे, लखकन चमकते.

निरीक्षकानं नजर फिरवली की वस्तू पण फिरते का?

मी म्हणालो, बरोबर! तिला हालचाल कळते.

अंधारात जास्त दिसते? डोळे मिटले तरी दिसते?

मी म्हणालो, मिटले तरी. भिंतींचाही अडथळा नाही. मला वाटलं, बाई आता कबूल करणार. त्या म्हणाल्या, अंतराळवीरांनासुद्धा डोळे मिटून चमक दिसते. तिथे अंतराळातले किरण थेट डोळ्यातून आरपार जातात, त्यानं होतं ते. पण तुमचे निरीक्षक जमिनीवर आहेत. नंतर काळे ठिपके आले का? पुष्कळ, एकदम?

संक्रांतीला, मी म्हणालो.

आणि काळा पडदा?

पडदा नाही मॅडम. क्षितिज. खालून. आता पार वर आलंय.

 मॅडमनी माईक टेबलावर ठेवला. विचारलं, हे निरीक्षक कुठे आहेत?

मी म्हणालो, ते गोपनीय आहे.

तेव्हा चंदना उठली. चारचौघांत दोन वाक्यं न बोलणारी बाई. म्हणाली, "मॅडम, हेच ते. आमचे हेच. तुम्ही तरी सांगा ओ ह्यांना. आमचं कुणाचंच ऐकेनात."

मॅडम स्टेजवरून खाली आल्या. सरळ माझ्यापर्यंत. माझा उजवा डोळा त्यांनी तळहातानं झाकला आणि म्हणाल्या, काका, माझी बोटं किती?

मी म्हणालो, कुठे?

मग त्यांनी हात वर नेला, अगदी डोक्यापर्यंत. तिथे काहीतरी हललं. मी म्हणालो, दोन. धनाजीराव मागून म्हणाले, "चार हायेत, सायेब."

मॅडमनी हात काढला नाही. हळू आवाजात सांगितलं: काका, वर काही नाही. तुमच्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला आहे. तो ताणला जात होता तेव्हा चमक दिसली, फाटला तेव्हा ठिपके, आणि सुटत गेला तसा अंधार. आज निघा. उद्या नको, आजच.

सगळ्या पोरांसमोर. एकही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी विचारलं, म्हणजे एकही वस्तू बाहेरची नव्हती?

त्या म्हणाल्या, नाही काका.

मी ठीक आहे म्हणालो. माईक परत करायला गेलो, तर तो माझ्या हातात नव्हताच.

त्यांनी तिथूनच मिरजेला फोन लावला. हार, भाषण, सत्कार सगळं तसंच राहिलं. कुणीतरी आम्हाला गाडीपर्यंत पोचवलं. परतीच्या वाटेत विट्याला धनाजीरावांनी चहा आणून दिला. चंदनानं कप माझ्या हातात दिला आणि मी घट्ट धरेपर्यंत सोडला नाही. दिवस मावळला होता. आपण जेवलो नाही, असं मी म्हणालो. ती म्हणाली, आज राहू दे.

आतून नाव पुकारलं. बास.

२९ जानेवारी, गुरुवार

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा फुगा भरला आहे. तो पडद्याला आतून दाबून धरणार. त्यासाठी आठवडाभर तोंड खाली करून राहायचं. पालथं झोपायचं, बसलं तरी हनुवटी छातीला. जेवणसुद्धा तसंच. वर बघायचं नाही.

सर्जन म्हणाले, पडदा बसेल. पण मधला भाग सुटून गेला होता, तिथली नजर पूर्वीसारखी येणार नाही. तीन दिवस आधी आला असता तर.

चंदना दारात उभी होती. तिनं 'शनिवार' हा शब्द उच्चारला नाही. मी वाट बघत होतो.

हेही कळलं की फुगा असेपर्यंत उंचावर जायचं नाही. विमान बंद. घाट बंद. मी विचारलं, पाचगणी? सर्जन म्हणाले, पाचगणीसुद्धा नाही.

३१ जानेवारी, शनिवार

घरी. पालथा. फरशीवर एक डाग आहे. तो मी बघतो. हलत नाही.

कॉटच्या कडेवरून मान खाली सोडून, डायरी जमिनीवर ठेवून लिहितो आहे.

आपण काय चुकलो याचा विचार करायचा असं ठरवलं होतं. सुरुवात केली. मग आठवलं ते इतकंच की जानेवारीत मी रोज सकाळी कशासाठी तरी उठत होतो. त्यापुढे विचार गेला नाही. झोप लागली.

प्रांजल आली आहे. डोळ्यात थेंब तीच घालते. मला वाटलं होतं रागावेल. थेंब घालताना हनुवटी धरते, लहानपणी मी तिची धरायचो तशी. 

३ फेब्रुवारी, मंगळवार

धनाजीराव आले. माझं तोंड दिसेना म्हणून सरळ फरशीवर उताणे झोपले आणि खालून माझ्याकडे बघत बोलू लागले. सत्तरीला आलेला माणूस. म्हणाले, "आता कसं, समोरासमोर."

मी सांगितलं, डोळ्यात गॅस आहे. ते म्हणाले, "माज्या बी पोटात हाय. ओवा खावा." मग त्यांच्या लक्षात आलं. तोंडावरचं हसू पुसलं.

मी त्यांना मंडळाचं उपाध्यक्षपद दिल्याचं सांगितलं. तीन आठवडे झाले, सांगायचं राहिलंच होतं. ते म्हणाले, "मग आता मंडळ बंद का?"

मी म्हणालो, विषय संपला नाही. अंतराळवीरांनी पाहिलेल्या वस्तू आहेतच. फक्त माझी एक केस कमी झाली.

ते म्हणाले, व्हय व्हय. आणि तसेच पडून राहिले. बराच वेळ. उठताना त्यांना प्रांजलनं हात दिला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सांगलीवरून जाणार होतं. प्रांजलच्या मोबाइलवर आलं. आत्ता या घडीला माणसं बसलेली एक खरी वस्तू आपल्या डोक्यावरून. मी म्हणालो, तुम्ही जाऊन या. मला काही नाही.

सगळी गच्चीवर गेली. शेजारचेही. मी खाली, पालथा. वरून आवाज येत होते. तो बघ, तो बघ. कुठं? आवं टाकीच्या वर. लय जोरात चाललाय. मग गप्प. मग गेला, गेला.

प्रांजलनं खाली येऊन सांगितलं, पप्पा, अगदी शांत होता. नुसता ठिपका. लुकलुकत पण नव्हता.

मी म्हणालो, बरं.

चंदना वर गेलीच नव्हती. मला नंतर कळलं. स्वयंपाकघरात होती. भांड्याचा आवाज करत नव्हती, म्हणून वाटलं घरात कुणी नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मान वर करायला परवानगी. मान वर होत नाही. अवघडली आहे. संकल्प: रोज शेक.

संयोगिता मॅडमचा बंगळुरूहून फोन. चौकशी केली. मी म्हणालो, आपला सत्कार माझ्यामुळे राहिला. त्या म्हणाल्या, राहू दे काका, शाली नाहीतरी मला टोचतात. मग मी विचारलंच. तुमच्या ओळखीच्या अंतराळवीरांना खरंच काही दिसलं का? त्या म्हणाल्या, दिसतं. पुष्कळ दिसतं. बहुतेकांचं पुढे कळतं काय होतं ते. वर कधी कधी टाकलेलं पाणी, लघवीसुद्धा, गोठून उन्हात अशी चमकते की बघत राहावं. आणि एखाद्या वेळी नाही कळत काय होतं. मग नोंद करतात आणि पुढच्या कामाला लागतात.

मी म्हणालो, थँक यू मॅडम.

इस्लामपूरच्या म्हाताऱ्यानं बरोबर प्रश्न विचारला होता. त्याला कळवायला हवं. नाव विचारलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तपासणी. पडदा जागेवर. डाव्या डोळ्यानं माणूस आहे एवढं कळतं, कोण ते नाही. पुस्तक जूनपर्यंत नाही. डिसेंबर धरू. किंवा बघू.

प्रांजल पुण्याला गेली. जाताना रडली. मी म्हणालो, अगं मला काही होत नाही. ती म्हणाली, तेच तर.

आता डावीकडे, खालच्या बाजूला, एक गोल वस्तू दिसते. कड चकचकीत. मी हललो की हलते, थांबलो की डुलत थांबते. दिवसाही दिसते, रात्रीही. चंदनानं विचारलं, कशी आहे ओ? मी नीट वर्णन केलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. पहिल्यांदाच.

गॅसचा फुगा आहे. आठवड्यापूर्वी लिंबाएवढा होता, आज हरभऱ्याएवढा. सर्जन म्हणाले, रविवारपर्यंत विरून जाईल.

मग तिकडे बघण्यासारखं काही नाही.